मेंदूतील कणांमागचा माणूस

कंपवाताच्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, की चेतापेशींत बहुतेकदा गोलसर कण आढळतात. वैद्यकशास्त्र त्यांना ‘लेवी बॉडीज’ म्हणते. ज्यांच्या नावाने ते ओळखले जातात, त्या फ्रिट्झ हाइनरिश लेवी यांचे आयुष्य मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच डोकावते.

लेवी यांचा जन्म १८८५ मध्ये बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीची पदवी मिळाल्यावर ते म्युनिकला अलॉइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथेच त्यांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत हे कण दिसले. १९१२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे सत्तावीस. हे कण त्यांना विशेषतः मेंदूच्या तळाशी, व्हेगस चेतेच्या केंद्रात आढळले होते. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये कॉन्स्टांटिन ट्रेटियाकॉफ यांनी आपल्या प्रबंधात ते ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागात दाखवले आणि त्यांना लेवींचे नाव दिले. गंमत म्हणजे, ज्या भागामुळे हे नाव गाजले, तो लेवींनी दाखवलेला नव्हताच!

पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मन सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा केली. १९३२ मध्ये बर्लिनमध्ये त्यांची स्वतःची चेताविज्ञान संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असल्याने त्यांना पद सोडावे लागले. इंग्लंडमार्गे ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचले. तेथे त्यांनी नाव बदलून फ्रेडरिक हेन्री केले, आडनावाच्या स्पेलिंगमध्येही एका अक्षराची भर पडली. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात काम करीत होते. दोन महायुद्धांत दोन परस्परविरोधी सैन्यांची सेवा करणे त्यांच्या वाट्याला आले. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.

डोपामाइनची उणीव हे कंपवाताचे मर्म असल्याचे १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी दाखवले. काळसर भागातील पेशी मरतात, डोपामाइन घटते. ते स्वीकारणारे पुढच्या पेशींवरील रिसेप्टर मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहतात. लेव्होडोपासारखी औषधे उपयोगी पडतात, ती त्यामुळेच. पण पेशींचा ऱ्हास ती थांबवीत नाहीत.

कण नेमके कशाचे, हे कळायला १९९७ साल उजाडले. अल्फा-सायन्यूक्लिन नावाचे प्रथिन विकृत घडीने एकमेकांना चिकटते आणि साचते. २००३ मध्ये जर्मन संशोधक हाइको ब्राक यांनी या साठ्यांचा क्रम मांडला. त्यांच्या मते अनेक रुग्णांत सुरुवात काळसर भागात होत नाही. ती आधी होते व्हेगस चेतेच्या त्याच केंद्रात, जेथे लेवींची नजर १९१२ मध्ये पोहोचली होती. हा क्रम सर्वच रुग्णांना लागू पडत नाही. हे कण पेशीला मारतात, की मरणाऱ्या पेशीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ती धडपड असते, यावरही शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही.