बुरशीचे बी शोधणारे मिकेली

पावसाळ्यात डब्यात राहिलेल्या पोळीवर बुरशी येते. अंगणात रातोरात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. हे सारे पेरते कोण? तीनशे वर्षांपूर्वी अनेक विद्वानही म्हणत, की कुजण्यातून ते आपोआप जन्मते. हा समज प्रयोगाने खोडून काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे इटलीचे पिएर अंतोनियो मिकेली.

त्यांचा जन्म १६७९ साली फ्लॉरेन्स शहरात एका गरीब घरात झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. पण झाडापानांचे वेड इतके, की शास्त्रीय ग्रंथ वाचता यावेत म्हणून ते आपले आपणच लॅटिन शिकले. १७०६ मध्ये तेथील राज्यकर्ते तिसरे कोसिमो यांनी त्यांना दरबारी वनस्पतिशास्त्रज्ञ नेमले.

सूक्ष्मदर्शकाखाली मिकेली यांना बुरशीचे बारीक 'बी', म्हणजेच बीजाणू दिसले. प्रत्येक गटाची तऱ्हा वेगळी. म्यूकर बुरशीचे बीजाणू टाचणीच्या डोक्यासारख्या पिशवीत भरलेले असतात. पिशवी फुटली, की ते बाहेर पडतात. ऍस्परजिलसचे बीजाणू तंतूच्या टोकावर माळांसारखे लागतात. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याचे जे साधन असते, तशी ती दिसते म्हणून मिकेली यांनी तिला हे नाव दिले. अळिंबीचे बीजाणू छत्रीखालच्या पातळ पडद्यांवर चार-चारच्या गटाने असतात.

पण नुसते पाहून ते थांबले नाहीत. खरबुजाच्या फोडींवर त्यांनी हे बीजाणू पेरले. ज्या बुरशीचे बीजाणू, तीच बुरशी उगवली आणि तिला पुन्हा तसेच बीजाणू आले! काही फोडींवर न पेरलेली बुरशीही दिसली. त्यावरून बीजाणू हवेतून येतात, हे त्यांनी ताडले.

१७२९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात सुमारे १९०० जातींची नोंद आहे. त्यांपैकी सुमारे ९०० बुरशी व दगडफुलाच्या वर्गातील. चित्रे छापण्यासाठी अनेकांनी वर्गणी दिली. तरीही पुष्कळांना त्यांचे म्हणणे पटले नाही. १७३७ च्या आरंभी ते वारले. सूक्ष्म जीव आपोआप जन्मतात हा वाद पुढेही चालूच राहिला. लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी तो मिटू लागला, तेव्हा १८६० चे दशक उजाडले होते.

मित्रांनो, मिकेली यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती खरबुजाची फोड, आणि सगळे म्हणतात ते खरे का, हे स्वतः तपासून पाहण्याची जिद्द.