विश्राम बेडेकर

विश्राम चिंतामण बेडेकर (१३ ऑगस्ट १९०६, अमरावती – ३० ऑक्टोबर १९९८) हे मराठी कादंबरीकार, नाटककार, चित्रपट-दिग्दर्शक व पटकथालेखक होते. मराठी वाचक त्यांना ‘रणांगण’ या त्यांच्या एकमेव कादंबरीमुळे ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे चित्रपटव्यवसायात गेली, आणि त्या व्यवसायाचा आरंभ सांगलीत एका अपयशाने झाला.

सांगलीतील आरंभ

दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्या बळवंत संगीत मंडळीने १९३३ मध्ये बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. बोलपट येताच संगीत नाटकांचा प्रेक्षक ओसरू लागला होता. तेव्हा मंडळीने सांगलीत बळवंत पिक्चर्स ही संस्था उभारून ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) हा बोलपट काढला. कोल्हटकरांसमवेत त्याचे दिग्दर्शन बेडेकरांनी केले. चित्रपट चालला नाही. नाटक मंडळी आधीच अडचणीत होती; या तोट्यातून दीनानाथ पुढे सावरू शकले नाहीत. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बेडेकरांनी एका वैभवशाली संस्थेची अखेर जवळून पाहिली. तरीही त्यांनी चित्रपटाची वाट सोडली नाही. पुढच्याच वर्षी गडकऱ्यांच्या विनोदी लेखनावर आधारलेला ‘ठकीचे लग्न’ त्यांनी दिग्दर्शित केला.

रणांगण

१९३८ मध्ये त्यांचा विवाह बाळूताई खरे यांच्याशी झाला. विवाहानंतर मालती बेडेकर झालेल्या या लेखिका ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आधीच गाजल्या होत्या. चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी बेडेकर इंग्लंडला गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते परतले, तेव्हा त्यांच्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी होते. त्या प्रवासातून ‘रणांगण’ (१९३९) साकारली. चक्रधर विध्वंस हा भारतीय तरुण आणि हॅर्टा ही ज्यू युवती यांची बोटीवर जुळलेली प्रीती हॅर्टाच्या आत्मनाशाने संपते. कथा बोटीवरच्या मोजक्या दिवसांची आहे, पण त्या काळच्या मराठी कादंबरीचा परिघ तिने एकदम विस्तारला. चित्रपट शिकण्यासाठी केलेल्या प्रवासाचे सर्वांत टिकाऊ फळ साहित्यात यावे, हा योग विलक्षणच.

पुढील चित्रपट

‘पहिला पाळणा’ (१९४२) नंतर ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत आले. ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात गजानन जागीरदार व राजा नेने यांच्यासह त्यांचाही वाटा होता. ‘लाखारानी’ (१९४५) च्या वेळी त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम करणारा तरुण म्हणजे पुढे प्रख्यात दिग्दर्शक झालेले गुरुदत्त. व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’च्या (१९५१) पटकथालेखनात बेडेकरांचा सहभाग होता. ‘वासुदेव बळवंत’ व हिंदी ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) हेही त्यांचेच चित्रपट. ‘रुस्तम सोहराब’ हा सुरैया यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

उत्तरायुष्य

‘टिळक आणि आगरकर’ हे उत्तरायुष्यातील त्यांचे गाजलेले नाटक. दोन मित्रांतील तात्त्विक वैराचे चित्रण करताना त्यांनी कोणत्याही एका बाजूचा वकील होणे टाळले. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फळ खाणारा आणि त्याच्याकडे नुसता पाहणारा, अशा उपनिषदातील दोन पक्ष्यांवरून हे नाव घेतले आहे. चित्रपटसृष्टीतील स्वतःच्या धडपडीकडेही त्यांनी त्याच अलिप्त नजरेने पाहिले आहे.

१९८६ मध्ये मुंबई येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याआधी १९८१ मध्ये मुंबईतच भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मालती बेडेकरांनी भूषविले होते.