दुर्गाबाई कामाला लागल्या तेव्हा

स्मरणिकेसाठी काहीही लिही, फक्त कॉम्प्युटरवर नको, अशी संपादक मंडळाची प्रेमळ ताकीद होती. म्हणून दुर्गा खोटे यांच्यावर लिहिते आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्या आठवतात त्या 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाई किंवा 'बॉबी'तल्या मिसेस ब्रॅगान्झा म्हणून. मला त्यांचं जे आवडतं ते मात्र त्याच्या खूप आधीचं आहे.

जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईतल्या सुखवस्तू लाड कुटुंबात. शिक्षण कॅथीड्रल शाळेत, मग सेंट झेवियर्स कॉलेजात. सासर तितकंच श्रीमंत. पण ती श्रीमंती पाहता पाहता ओसरली आणि दोन लहान मुलांसाठी कमावण्याची वेळ आली. वैधव्यही लवकरच आलं. घरंदाज बाईने सिनेमात काम करणं तेव्हा बदनामीचं समजलं जाई. १९३१मध्ये 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी छोटंसं काम केलं. चित्रपट सुमार होता आणि बोलणी बसली ती बाईंना. तिथेच सगळं थांबलं असतं, तर कुणालाही नवल वाटलं नसतं.

पण कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने त्यांना बोलावलं. व्ही. शांताराम यांच्या 'अयोध्येचा राजा'त (१९३२) गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. चित्रपट मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत निघाला. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं, म्हणजे गाणंही स्वतःच म्हणायचं. या एका चित्रपटाने लोकांची तोंडं बंद झाली. पुढे त्या एकाच कंपनीच्या पगारावर बांधून राहिल्या नाहीत, कलकत्त्यालाही जाऊन काम केलं. आजच्या भाषेत फ्रीलान्सिंग! १९३६च्या 'अमरज्योती'त त्या झाल्या सौदामिनी: पोटच्या मुलाचा ताबा नाकारला म्हणून राज्याविरुद्ध उठणारी, जहाजं लुटणारी बाई. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. वर्षभरात 'साथी'ची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनी केलं.

आपल्या बॅचमधल्या किती जणींनी मुलांसाठी नोकरी सोडली आणि परत सुरू करताना काय काय ऐकून घेतलं, ते ग्रुपवर सगळ्यांनी वाचलंच आहे. दुर्गाबाईंनी मुलांसाठीच नोकरी धरली आणि ऐकून मात्र तेवढंच घेतलं. शंभर वर्षं होत आली, बोलणाऱ्यांत फारसा फरक नाही.

सिनेमात नाव झाल्यावरही रंगभूमी त्यांनी सोडली नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त आनंदीबाई, शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्येही त्या होत्या. १९५८मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८मध्ये पद्मश्री, 'बिदाई'साठी फिल्मफेअर, १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ही यादी विकिपीडियावरही मिळेल. मुलगा हरिन अकाली गेला, हे दुःख त्यात दिसत नाही. विजया मेहता या हरिनच्याच पत्नी. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.

आणि एक गोष्ट. आपण तिसरी-चौथीत असताना दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागायची. तीही दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. तेव्हा बाई ८३ वर्षांच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ला त्या गेल्या.