आशुतोष मुखर्जी

सर आशुतोष मुखर्जी (२९ जून १८६४, कोलकाता – २५ मे १९२४, पाटणा) हे भारतीय गणितज्ञ, कायदेपंडित, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या संस्थेचे अध्यापन व संशोधन करणाऱ्या विद्यापीठात रूपांतर करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यांच्या कारकिर्दीत परीक्षांचा दर्जा खालावला, असा आक्षेपही त्यांच्या हयातीतच घेतला गेला. बंगालमध्ये ते ‘बांग्लार बाघ’ म्हणजे बंगालचा वाघ या नावाने ओळखले जात. श्यामाप्रसाद मुखर्जी हे त्यांचे पुत्र होत.

जन्म आणि शिक्षण

आशुतोष यांचा जन्म कोलकात्याच्या बहुबाजार भागात झाला. वडील गंगाप्रसाद हे डॉक्टर होते. आईचे नाव जगत्तारिणी देवी. कुटुंब पुढे भवानीपूर येथे स्थायिक झाले. १८७९ मध्ये विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रवेश घेतला. महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या काळातच, १८८१ मध्ये, युक्लिडच्या एका प्रमेयाची त्यांनी दिलेली नवी सिद्धता केंब्रिजच्या ‘मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८८४ मध्ये ते बी.ए.ला पहिले आले, १८८५ मध्ये गणितात आणि त्यापुढील वर्षी भौतिक विज्ञानात त्यांनी एम.ए. केले.

१८८६ मध्ये त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईच्या विद्यापीठाला राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते, त्यातून ही शिष्यवृत्ती चालत असे. त्या काळी ती एका अत्यंत कठीण लेखी परीक्षेवर दिली जाई. विद्यापीठातील सर्वांत मानाची ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुखर्जींच्याच कुलगुरुपदाच्या काळात पुढे तिची परीक्षा बंद होऊन शिष्यवृत्ती संशोधनपर प्रबंधावर दिली जाऊ लागली.

मोंज यांच्या अवकल समीकरणाचा भौमितिक अर्थ लावणारे त्यांचे काम युरोपातही वाखाणले गेले. मात्र गणितावर पूर्णवेळ उपजीविका करता येईल अशी सन्मानाची जागा त्या वेळी भारतीय पदवीधराला मिळणे दुरापास्त होते. मुखर्जी कायद्याकडे वळले, रासबिहारी घोष यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीचे धडे घेतले, १८८८ मध्ये बी.एल. आणि १८९४ मध्ये डॉक्टर ऑफ लॉज ही पदवी मिळवली. १९०४ मध्ये ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९२३ च्या अखेरीपर्यंत त्या पदावर होते. विद्यापीठाचे सारे काम त्यांनी न्यायालयाचे काम सांभाळून केले, ही गोष्ट त्यांच्या चरित्राविषयी लिहिताना अनेकदा विसरली जाते.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. त्यांनी शिकवावे अशी अपेक्षाच नव्हती. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचा, प्रश्नपत्रिका काढायच्या, निकाल लावायचा आणि पदवी द्यायची. विद्यार्थ्याला काय समजले याचा विद्यापीठाला लागणारा एकमेव पत्ता म्हणजे वर्षाअखेरीची उत्तरपत्रिका. जो शिकवतो त्याला अभ्यासक्रमात फारसा शब्द नाही, आणि जो तपासतो त्याने त्या विद्यार्थ्याला कधी पाहिलेले नाही, अशी ही रचना होती. नेमलेली पुस्तके आणि त्यांवरील बाजारू टिपा पाठ करून उत्तीर्ण होण्याची सवय या रचनेतूनच फोफावली. सरकारी नोकरीसाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र लागत असल्यामुळे तिला बळही मिळाले.

मुखर्जी १८८९ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतच, विद्यापीठाचे फेलो झाले. १८९१ मध्ये त्यांनी देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत स्थान द्यावे असा प्रस्ताव मांडला. तो नामंजूर झाला. मुंबई विद्यापीठात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे मराठीसाठी असेच प्रदीर्घ प्रयत्न करत होते.

१९०६ ची नियमावली

लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये विद्यापीठ आयोग नेमला आणि १९०४ मध्ये विद्यापीठ कायदा संमत करून घेतला. या कायद्याने अधिसभेची सदस्यसंख्या मर्यादित केली आणि सरकारचे नियंत्रण वाढवले. त्यामुळे गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह अनेक भारतीय नेत्यांनी त्याला कडाडून विरोध केला. मुखर्जींनी मात्र कायदा झाल्यावर त्यातील एका तरतुदीवर लक्ष केंद्रित केले. विद्यापीठाला स्वतः प्राध्यापक नेमता येतील आणि शिकवता येईल, असे त्या तरतुदीत म्हटले होते. विद्यापीठावर अंकुश ठेवण्यासाठी झालेल्या कायद्याचा त्यांनी विद्यापीठ वाढवण्यासाठी उपयोग करून घेतला.

१९०६ मध्ये ते कुलगुरू झाले आणि सलग चार मुदती, म्हणजे १९१४ पर्यंत, या पदावर राहिले. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या नव्या नियमावलीत मॅट्रिकपासून बी.ए.पर्यंत मातृभाषेतील लेखन अनिवार्य करण्यात आले. मॅट्रिकच्या इंग्रजीसाठी ठरावीक पाठ्यपुस्तक नेमण्याची पद्धत सोडून, अपेक्षित दर्जा कळावा इतपतच पुस्तके सुचवण्यात येऊ लागली. पाठांतराला आळा घालणे हा त्याचा उघड हेतू होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेतील कामाला महत्त्व आले. महाविद्यालयांची तपासणी सुरू झाली आणि संलग्नता टिकवायची तर ग्रंथालय, प्रयोगशाळा व अध्यापकवर्ग दाखवणे भाग पडले. १९०९ मध्ये विद्यापीठाचे स्वतःचे विधी महाविद्यालय सुरू झाले.

उत्तीर्णांच्या संख्येवरून वाद

या सुधारणांबरोबरच मॅट्रिक उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच वाढले आणि त्यावरून मोठा वाद झाला. दर्जा उंचावण्यासाठी केलेल्या नियमावलीनंतर परीक्षा सोपी कशी झाली, असा टीकाकारांचा सवाल होता. इतिहासकार जदुनाथ सरकार हे या टीकाकारांत अग्रणी होते. ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकातून विद्यापीठाच्या कारभारावर सातत्याने टीका प्रसिद्ध झाली. पदव्युत्तर वर्गांचे अध्यापकच आपल्या विद्यार्थ्यांचे परीक्षक होतात, त्यामुळे प्रथम श्रेणी स्वस्त होते, हाही आक्षेप होता. नेमणुका आणि निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती एकवटल्याची तक्रारही होत असे, आणि ती निराधार नव्हती.

मुखर्जींची भूमिका त्यांच्या धोरणातून स्पष्ट दिसते. प्रवेशाच्या दारावरची परीक्षा शक्य तितक्या मुलांना आत घेणारी असावी आणि गुणवत्तेची खरी कसोटी वरच्या पातळीवर, ऑनर्स, एम.ए. आणि प्रबंध यांच्या टप्प्यावर लागावी, असे ते मानत. सरकारी अधिकाऱ्यांना उच्च शिक्षण मोजक्यांपुरते राखायचे होते. त्या परिस्थितीत कडक मॅट्रिक म्हणजे गरीब आणि खेड्यातील विद्यार्थ्याची वाट अडवणे होय, असा या धोरणामागील विचार होता. वरच्या पातळीवरील कसोटी पुढे फळाला आली, असे विज्ञान विभागाच्या इतिहासावरून म्हणता येते. खालच्या पातळीवर मात्र शाळांचे अध्यापन सुधारल्याशिवाय निकाल वाढले, ही टीकाकारांची तक्रार पुरती खोडून निघाली नाही.

पदव्युत्तर शिक्षण आणि विज्ञान महाविद्यालय

सरकारकडून पुरेसा पैसा मिळत नसल्याने मुखर्जींनी देणगीदारांकडे धाव घेतली. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये सुमारे १५ लाखांची मालमत्ता आणि रक्कम दिली, तर १९१३ मध्ये रासबिहारी घोष यांनी १० लाख रुपये दिले. या दोघांनीही आधी स्वदेशी चळवळीतील राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रयत्नांना साहाय्य केले होते. तेच आता सरकारमान्य विद्यापीठाला दान देऊ लागले, हे मुखर्जींवरील विश्वासाचे द्योतक मानले जाते. या देणग्यांतून निर्माण झालेल्या अध्यापकपदांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी अट होती. २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसवण्यात आली.

रसायनशास्त्रासाठी प्रफुल्लचंद्र राय, उपयोजित गणितासाठी गणेश प्रसाद आणि १९१७ मध्ये भौतिकशास्त्रासाठी चंद्रशेखर वेंकट रामन यांची नेमणूक झाली. रामन हे तोवर सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांना मुखर्जींनी एम.एस्सी. होताच अध्यापनासाठी बोलावले. जे भौतिकशास्त्र शिकवायचे ते त्यांना स्वतःलाच जर्मन ग्रंथ आणि लेख मिळवून शिकावे लागले. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील लेखांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केला.

१९१७ मध्ये महाविद्यालयांतील विखुरलेले एम.ए., एम.एस्सी.चे अध्यापन विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. अभ्यासक्रम ठरवणे, शिकवणे आणि मूल्यमापन करणे या तिन्हींत अध्यापकांना वाटा मिळाला. प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृतीच्या कारमायकेल अध्यासनावर पुण्याहून देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले. १९१९ पासून आधुनिक भारतीय भाषांत एम.ए. करता येऊ लागले. १८९१ मधील नामंजूर प्रस्तावाची ही परिणती म्हणावी लागेल. तत्त्वज्ञानासाठी १९२१ मध्ये म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन यांना बोलावण्यात आले. स्वातंत्र्यानंतर ज्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने परीक्षापद्धतीच्या सुधारणेवर विशेष भर दिला, त्याचे अध्यक्ष राधाकृष्णनच होते.

सॅडलर आयोग

१९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे मुखर्जी सदस्य होते. लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर हे अध्यक्ष होते. बंगालमधील सुमारे २६,००० विद्यार्थी पदवीच्या वाटेवर असून हा आकडा ब्रिटनमधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या जवळपास आहे, मात्र त्यांतील बहुतेकांचे अध्यापन परीक्षेच्या वर्चस्वाखाली चालते, असे चित्र आयोगाने मांडले. इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठातून काढून वेगळ्या मंडळाकडे द्यावेत, पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा करावा आणि गुणवंतांसाठी स्वतंत्र ऑनर्स अभ्यासक्रम असावा, या त्याच्या प्रमुख शिफारशी होत. ढाका विद्यापीठ १९२१ मध्ये सुरू झाले. कोलकात्यात मात्र निधीअभावी बहुतांश शिफारशी कागदावरच राहिल्या.

सरकारशी संघर्ष

१९२१ मध्ये मुखर्जी पुन्हा कुलगुरू झाले तेव्हा विद्यापीठ तुटीत होते. असहकार चळवळीच्या काळात विद्यार्थ्यांनी महाविद्यालये सोडू नयेत अशी त्यांची भूमिका होती, त्यामुळे राष्ट्रवादी वर्तुळात त्यांच्यावर नाराजी होती. दुसरीकडे बंगाल सरकार पदव्युत्तर विभागांना उधळपट्टी समजत होते. १९२२ मध्ये सरकारने अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले, पण त्यासोबत विद्यापीठाच्या आर्थिक कारभारावर नियंत्रण ठेवणाऱ्या अटी घातल्या. अध्यापकांचे पगार थकण्याची वेळ आली असतानाही अधिसभेने मुखर्जींच्या आग्रहावरून हे अनुदान नाकारले.

१९२३ मध्ये कुलपती लॉर्ड लिटन यांनी, सरकारला विरोध न करता सहकार्य करण्याच्या अटीवर, मुखर्जींना कुलगुरुपदाची मुदतवाढ देऊ केली. मुखर्जींनी २६ मार्च १९२३ च्या पत्राने ती ठामपणे नाकारली. हे पत्र भारतातील विद्यापीठीय स्वायत्ततेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरले.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू

मुखर्जींचे कुटुंब सनातनी ब्राह्मण परंपरेतील होते. तरीही बालविधवा झालेली कन्या कमला हिचा त्यांनी १९०८ मध्ये पुनर्विवाह केला आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. १९०८ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. जानेवारी १९१४ मधील भारतीय विज्ञान काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

न्यायालयातून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा वकिली करू लागले. डुमराव संस्थानाच्या खटल्यासाठी पाटण्यात असताना २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा सुमारे ८०,००० ग्रंथांचा संग्रह कुटुंबीयांनी पुढे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. श्यामाप्रसाद मुखर्जी १९३४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.