राजर्षी शाहू आणि शाळेचा उंबरठा

इ. स. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा, म्हणून एका महार मुलाच्या वतीने अर्ज गेला. फी भरण्याची तयारी होती. तरीही अर्ज नामंजूर झाला आणि मुंबई सरकारने तो नकार उचलून धरला. एका मुलापायी बाकीच्यांचा रोष का ओढवून घ्यावा, असा त्यामागचा हिशेब. वरिष्ठांना तो पटला नाही, आणि १८५८ साली सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर करण्यात आले. पण जाहीरनामा निघाला म्हणून गावातल्या शाळेचा उंबरठा खाली येत नाही. पुढे १८८२ च्या हंटर आयोगानेही तत्त्व मान्य केले, आणि जेथे लोकांचा विरोध होईल तेथे या मुलांसाठी निराळ्या शाळा काढाव्यात अशी पुस्ती जोडली. त्या निराळ्या शाळांचे पुढे काय झाले, हे सांगण्यासाठी आम्ही आज एका राजाचे चरित्र हाती घेतले आहे.

आपल्या मच्छे गावाहून बेळगाव, संकेश्वर, निपाणी असे उत्तरेकडे निघाले, की कोल्हापूरच्या अलीकडे कागल लागते. तेथील घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. मातोश्री राधाबाई या मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. त्या यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना निवर्तल्या. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर त्यांचे दत्तविधान झाले व ते शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांनी वडिलांचेही छत्र हरपले. प्रथम राजकोट येथे, आणि १८९० पासून धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. ज्या धारवाडात तो अर्ज फेटाळला गेला, त्याच धारवाडात हा राजा शिकला, हा योगायोग आम्हांस तरी लक्षणीय वाटतो.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला. त्यांच्या कुस्तीच्या, शिकारीच्या व दिलदारपणाच्या कथा या भागातील वडीलधाऱ्यांना पाठच असतात. त्या आम्ही सांगत बसत नाही. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवल्या. खेड्यांतील मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहू लागली, ती आजही त्या शहराचे भूषण आहेत.

१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपयापर्यंत दंड ठेवला. त्या काळी मजुराच्या घरी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. परंतु येथे एक पेच होता. पालकाने मूल शाळेच्या दारात आणून उभे केले आणि मास्तरांनीच त्यास पडवीत बसविले, किंवा तुझी शाळा महारवाड्यात आहे असे सांगून परत पाठविले, तर दंड कोणी भरावा?

या पेचाचे उत्तर १९१९ साली मिळाले. त्या वर्षीच्या जानेवारीत हुकूम निघाला, की अस्पृश्य विद्यार्थ्यांना इतरांप्रमाणेच, किंबहुना अधिक आस्थेने वागवावे. ज्या नोकरास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास दुसरा हुकूम आला. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद कराव्यात आणि त्या मुलांना सर्वांच्या सरकारी शाळांत दाखल करून घ्यावे. पहिल्या हुकुमातील पेन्शनचे कलम आम्हांस विशेष मार्मिक वाटते. उपदेश ऐकून विसरणारे पुष्कळ असतात, पेन्शन विसरणारा मात्र विरळा. आणि गरीब बापाला मास्तरांशी भांडत बसण्याची पाळी येऊ नये, ते भांडण राज्याने आपल्या अंगावर घ्यावे, हे या हुकुमांमागचे मर्म आहे.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. पण अंध, बहिऱ्या वा मंदबुद्धी म्हणून हिणविल्या गेलेल्या मुलाचा हात धरून शाळेत गेलेल्या आईबापांना विचारून पाहावे. येथे जागा नाही, याला निराळ्या शाळेत घाला, हे शब्द त्यांच्याही कानी पडलेले असतात. दोन्ही गोष्टी सारख्या मात्र नव्हेत. जातीवरून निराळी काढलेली शाळा हा निव्वळ अपमान होता; ब्रेल लिपी किंवा खुणांची भाषा शिकविणारी शाळा एखाद्या मुलाची खरी गरज असू शकते. म्हणूनच निवड कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती शाळेकडे ठेवलेली नाही. कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत वा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलाच्या हक्कासंबंधीची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी देता येते. दोन्ही पक्षांचे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे बंधन आहे. दिव्यांगांसाठी राज्य आयुक्तही नेमलेले असतात. तोंडी नकार घेऊन घरी परतणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे, आणि ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांना आपल्या शाळेतील वरच्या वर्गांतील मुलांनी तो लिहून द्यावा, असे आम्ही सुचवितो.

महाराजांचे अखेरचे दिवस प्रकृतीच्या कुरबुरीत गेले. तरी मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेस ते स्वतः गेले आणि तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. १९१९ च्या दसऱ्यानंतर प्रथमच सर्वांच्या शाळेत पाटी घेऊन बसलेली मुले तेव्हा जेमतेम तिसरीच्या आसपास पोहोचली असतील.