वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया

आम्हा वसईकरांच्या अभिमानाचे स्थान असलेले संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. तरुणपणीच ते येशूसंघीयांसमवेत जपानला गेले व तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश घेण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरीच राहिली. पुढे काही काळ व्यापार करून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी शासक हिदेयोशीच्या आज्ञेने नागासाकी येथे २५ सोबत्यांसह त्यांना क्रूसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद बहाल झाले. आयुष्यभर इतरांचे शब्द पोहोचविणाऱ्या या रक्तसाक्ष्याने अखेरची साक्ष स्वतःच्या प्राणांनी दिली, हे आम्ही कृतज्ञतेने स्मरतो.