चित्रकार कामीय पिसारो

चित्रकलेच्या तासाला शिक्षक सर्व वर्गास पटांगणांतील एकाच वडासमोर नेऊन बसवितात, आणि तास संपतां संपतां तीस मुलांचे तीस निरनिराळे वड गोळा होतात. ज्याचा वड शेजाऱ्याच्या वडासारखा उतरत नाहीं त्यास सोबती हंसतात. हें हंसणें दर वेळीं योग्य असतेंच असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणूनच कामीय पिसारो या थोर चित्रकाराचें चरित्र आम्हीं आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

पिसारोचा जन्म १० जुलै १८३० रोजीं वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस या बेटावर झाला. तें बेट त्या काळीं डेन्मार्कच्या ताब्यांत होतें. बाप यहुदी व्यापारी. बाराव्या वर्षीं मुलास पॅरिसजवळील एका वसतिशाळेंत धाडण्यांत आलें. तेथून परतल्यावर बापाच्या दुकानांत बसणें त्याच्या कपाळीं आलें. परंतु त्याचें मन हिशेबाच्या वहींत रमेना. बंदरांतील गलबतें व माणसें चितारण्यांतच त्याचा वेळ जाई. १८५२ मध्यें तो फ्रिट्झ मेल्बी या डॅनिश चित्रकाराबरोबर व्हेनेझुएलास निघून गेला. अखेर बापानें हट्ट सोडला, आणि १८५५ मध्यें हा पंचवीस वर्षांचा तरुण चित्रकला शिकण्यासाठीं पॅरिसला आला.

तेथें कोरो या वयोवृद्ध चित्रकाराचें मार्गदर्शन त्यास लाभलें. बाहेर टिपणें करावीं व चित्र घरीं बसून पुरें करावें, अशी तेव्हां रूढ रीत होती. पिसारो मात्र हळूहळू सर्व सरंजाम शेतांत नेऊन उघड्यावरच काम करूं लागला. विषय तरी कोणते? कोबीचे मळे, खेड्यांतील चिखलाचे रस्ते, फळझाडांच्या बागा! अशा चित्रांस गिऱ्हाईक थोडें, आणि संसार तर वाढत चाललेला.

१८७० मध्यें फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां लुव्हसिएन येथील घर सोडून तो कुटुंबासह लंडनला गेला. परत येऊन पाहतो तों प्रशियन सैनिकांनीं घराची धूळधाण केलेली. बागेंतील चिखलांत पाय भरूं नयेत म्हणून त्यांनीं त्याचीं चित्रें जमिनीवर अंथरलीं होतीं. वीस वर्षांच्या मेहनतीचीं सुमारें पंधराशें चित्रें. त्यांतून चाळीसच्या आसपास हातीं लागलीं. दुसरा कोणी असता तर त्यानें कुंचला खालीं ठेविला असता. पिसारो १८७२ मध्यें वाझ नदीच्या कांठच्या पाँत्वाझ गांवीं राहावयास गेला व पुन्हा चित्रें काढूं लागला.

येथेंच पॉल सेझान हा त्याच्याहून नऊ वर्षांनीं लहान असलेला चित्रकार त्याच्याकडे आला. सेझान स्वभावानें तापट व संशयी. त्याचीं तोंवरचीं चित्रें काळपट रंगांनीं माखलेलीं. पिसारोनें त्यास काळा रंग टाकून शुद्ध, उजळ रंग घेण्यास व समोरच्या निसर्गाकडे निरखून पाहण्यास शिकविलें. सेझाननें आरंभीं पिसारोचें लुव्हसिएनच्या रस्त्याचें एक चित्र मागून नेलें व त्याची नक्कल केली. पण ही नक्कलही त्याच्या हातून निराळीच उतरली: बारीक तपशील गळाले, आणि घरें व झाडें यांचे आकार तेवढे ठसठशीत उरले.

पुढें हे दोघे एकाच शेताच्या बांधावर शेजारीं शेजारीं बसून काम करूं लागले. त्या वेळची एक गोष्ट सांगतात. एका शेतकऱ्यानें दोघांस काम करतांना पाहिलें, आणि एक जण रंग टोंचतो व दुसरा रंग थापतो, असा अभिप्राय दिला. टोंचणारा पिसारो व थापणारा सेझान. कित्येक टीकाकारांस जें उमगलें नाहीं तें त्या कुणब्यानें एका नजरेंत ओळखलें, असें आम्हांस वाटतें. १८७७ च्या वसंतांत दोघांनीं पिसारोच्या घरामागची तीच बाग, तींच घरें, तीच टेकडी रंगविली. पिसारोच्या चित्रांत फुललेलीं झाडें पुढें येतात. रंगाच्या दाट ठिपक्यांनीं बहराचें पांढरें चैतन्य पटभर पसरलें आहे. सेझानच्या चित्रांत बहराचें एवढें कौतुक नाहीं. तेथें घरें, भिंती व टेकडी यांची बांधणी डोळ्यांत भरते. बाग एक, ऋतु एक; पण दोहोंपैकीं कोणतें चित्र खोटें म्हणावें? पिसारोनें आपल्या सोबत्यास आपल्यासारखें टोंचावयास कधीं लाविलें नाहीं, यांत आम्हांस त्याचा थोरपणा दिसतो.

१८७४ च्या एप्रिलांत या नव्या चित्रकारांनीं सरकारी प्रदर्शनास फांटा देऊन पॅरिसमध्यें स्वतःचें प्रदर्शन भरविलें. तें उघडण्यास थोडेच दिवस उरले असतां पिसारोची मुलगी वारली. प्रदर्शनाची तर सर्वत्र थट्टा झाली. इंप्रेशनिस्ट हें नांव या मंडळींस त्या थट्टेंतूनच मिळालें. १८८६ पर्यंत अशीं आठ प्रदर्शनें झालीं. त्या आठहि प्रदर्शनांत भाग घेणारा एकटा पिसारोच.

१८८४ मध्यें तो एरान्यी गांवीं राहावयास गेला. पन्नाशी उलटल्यावर त्यानें जॉर्ज सेरा या पंचविशींतील चित्रकाराची सूक्ष्म ठिपक्यांची पद्धति शिकून पाहिली, व कांहीं वर्षांनीं ती आपल्या प्रकृतीस मानवत नाहीं असें पाहून सोडूनहि दिली. उतारवयांत डोळ्यांच्या विकारामुळें धूळवाऱ्यांत बसणें अशक्य झालें, तेव्हां तो खिडकीच्या आंत बसून बाहेरचें रंगवूं लागला. १८९७ मध्यें पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकींतून त्यानें माँमार्त्र बुलव्हार या एकाच रस्त्याचीं चौदा चित्रें काढलीं: कधीं धुकें, कधीं ऊन, कधीं रात्रीचे दिवे.

१३ नोव्हेंबर १९०३ रोजीं पॅरिसमध्यें पिसारो निवर्तला. सेझान तोंवर स्वतः नामांकित झाला होता व नवे चित्रकार त्यास गुरुस्थानीं मानीत होते. १९०६ मध्यें, म्हणजे आपल्या मृत्यूच्याच वर्षीं, त्यानें आपल्या एक्स या गांवच्या प्रदर्शनांत चित्रें ठेविलीं, तेव्हां यादींत आपल्या नांवापुढें पिसारोचा शिष्य असें छापविलें.